हार घातलेला फोटो, पूजा की आठवण? मात्तेओ रिची आणि चीनमधला शतकभराचा वाद

आमच्या गावच्या घरी माजघरात आजोबांचा फोटो आहे, चंदनी हार घातलेला. सकाळी देवपूजा आटोपली की आई तीच उदबत्ती फोटोवरून ओवाळते आणि बाहेर जाऊन तुळशीत खोचते. सर्वपित्री अमावास्येला आजोबांच्या नावाचं पान आधी वाढलं जातं, त्यात त्यांच्या आवडीची अळूवडी असतेच. आईला एकदा मी विचारलं, ‘तू त्यांना देव मानतेस का?’ ती म्हणाली, ‘देव कसले, घरातलं मोठं माणूस होतं.’ आणि पदराला हात पुसता पुसता पुढे म्हणाली, ‘त्यांचं लक्ष असतं बरं का आपल्यावर.’

या दोन वाक्यांत फरक आहे. पहिल्यात नुसता आदर आहे, दुसऱ्यात आदराच्या पलीकडचं काहीतरी. आपल्याला त्याची अडचण होत नाही. दोन्ही वाक्यं एकाच घरात सुखाने नांदतात. पण नेमक्या याच फरकावरून कॅथलिक चर्चमध्ये शंभराहून अधिक वर्षं भांडण चाललं आणि त्यापायी चीनचं दार चर्चला बंद झालं. ते दार ज्याने खटपटीने उघडलं होतं, त्या मात्तेओ रिचीची ही गोष्ट.

आज ती सांगायचं कारण असं. चीन आणि व्हॅटिकन यांच्या बातम्या अधूनमधून येतात आणि वाचणारा गोंधळतो. चीनमध्ये बिशप कोणी नेमायचे यावर दोघांत २०१८ साली करार झाला. २०२० आणि २०२२ मध्ये तो वाढवला गेला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये पुढच्या चार वर्षांसाठी पुन्हा. चर्चने आपला बिशप नेमायचा, त्यात सरकारचा काय संबंध, हा प्रश्न कुणालाही पडेल. त्याच्या उत्तराचा एक मोठा भाग तीनशे वर्षं जुना आहे. आणि डिसेंबर २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी रिचीला ‘वंदनीय’ ठरवलं. संतपदाच्या वाटेवरची ही एक पायरी. ती गाठायला त्याच्या मृत्यूनंतर चारशे वर्षं लागली.

## हा रिची कोण?

इटलीतल्या माचेराता गावी ६ ऑक्टोबर १५५२ ला तो जन्मला. वडील औषधविक्रेते. मुलाने वकील व्हावं म्हणून त्यांनी त्याला रोमला धाडलं, पण १५७१ मध्ये तो जेझुइट झाला. जेझुइट म्हणजे ‘येशूसंघ’ या कॅथलिक धर्मसंघाचे सदस्य. १५४० साली पोपने या संघाला मान्यता दिली होती. आजन्म ब्रह्मचर्य, वर्षानुवर्षांचं शिक्षण आणि संघ धाडेल तिथे जायची तयारी, अशी त्यांची रीत. मुलाने परस्पर संघात नाव घातल्याचं कळताच वडील त्याला परत आणायला निघाले. वाटेत तापाने फणफणले, हा देवाचाच इशारा समजले आणि माघारी फिरले.

रोममध्ये रिचीचा गणिताचा शिक्षक होता क्रिस्टोफर क्लावियस. आपण आज भिंतीवर लावतो ते इंग्रजी कॅलेंडर, म्हणजे १५८२ ची ग्रेगोरियन दिनदर्शिका, घडवण्यात ज्याचा मोठा हात होता तोच हा. या गणिताचा पुढे चीनमध्ये धर्मग्रंथांइतकाच उपयोग झाला.

रिची जन्मला त्यानंतर दोन महिन्यांनी, ३ डिसेंबर १५५२ ला, फ्रान्सिस झेवियर चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारला. चीनमध्ये पाऊल टाकायची त्याची धडपड तिथेच संपली. त्याचं शव आज जुन्या गोव्यात बॉम जेझुच्या चर्चमध्ये आहे. झेवियरला जिथे शिरता आलं नाही तिथे शिरण्यासाठी जे तरुण निघाले, त्यांना आधी गोव्यातच उतरावं लागे. पूर्वेकडच्या सगळ्या पोर्तुगीज कारभाराचं ते मुख्य ठाणं होतं.

## गोव्यातली वर्षं

१३ सप्टेंबर १५७८ ला रिची गोव्याला लागला. सेंट पॉल कॉलेजात धर्मशास्त्र शिकू लागला आणि जोडीला शिकवूही लागला. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये याच कॉलेजात सुरू झाला होता. आज जुन्या गोव्यात रस्त्याकडेला त्याची एकटी कमान उभी आहे. मागे काही नाही, नुसती झाडी. मधे रिची आजारी पडला, त्याला कोचीला पाठवलं आणि तिथे १५८० मध्ये तो धर्मगुरू झाला.

याच काळात, १५७९ मध्ये, आणखी एक तरुण जेझुइट गोव्यात उतरला. थॉमस स्टीफन्स. पुढे मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचून मराठीला रत्नांमधल्या हिऱ्याची उपमा देणारा तो हाच. एक मराठी शिकला, दुसरा चिनी. माणसाशी त्याच्या भाषेत बोलायचं तर आधी स्वतः विद्यार्थी व्हायला हवं, हे या दोघांनाही उमगलं होतं. गोव्यातल्या त्यांच्या अनेक सोबत्यांना ते उमगलं नव्हतं.

रिचीचं गोव्यातलं १५८१ चं एक पत्र मला फार महत्त्वाचं वाटतं. इथल्या भारतीय विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्राच्या वरच्या वर्गांत बसू देऊ नये, असा निर्णय तेव्हा झाला होता. शिकले तर डोक्यावर बसतील आणि गरीब वस्त्यांत काम करायला तयार होणार नाहीत, हे कारण. रिचीने थेट रोमला, संघाच्या प्रमुखाला लिहिलं की हे चुकतंय. एवीतेवी या लोकांना इथल्या गोऱ्यांकडून मान मिळतच नाही. त्यातून ज्ञानही नाकारलं तर ते आपला द्वेषच करतील. तेव्हा तो २९ वर्षांचा होता, हाताखाली कुणी नाही, हातात अधिकार नाही. चीनमध्ये तो पुढे जसा वागला त्याची सुरुवात मला या पत्रात दिसते.

## चीनमध्ये घातलेली पहिली वस्त्रं चुकीची होती

१५८२ मध्ये रिची मकावला पोचला. चीनच्या दक्षिण टोकाला पोर्तुगीजांची ही छोटी वसाहत. पूर्वेकडच्या जेझुइटांचा वरिष्ठ आलेस्सांद्रो वालिन्यानो याने सांगून ठेवलं होतं की आधी चिनी बोलायला, वाचायला, लिहायला शिका, बाकीचं मागाहून. पुढच्या वर्षी, १५८३ च्या सप्टेंबरात, रिची आणि त्याचा सोबती मिकेले रुज्जेरी झाओछिंग शहरात राहायला गेले.

डोकं तुळतुळीत, दाढी काढलेली, अंगावर बौद्ध भिक्षूंचा झगा. आपण धर्माची माणसं, तेव्हा इथल्या धर्माच्या माणसांसारखं दिसावं हा साधा हिशेब. तो हिशेब चुकला. परदेशी माणूस भगवी कफनी घालून आपल्याकडच्या कलेक्टर कचेरीत गेला तर लोक त्याला नमस्कार करतील. टेबलापलीकडची खुर्ची पुढे करतीलच असं नाही. चीनमध्ये ती खुर्ची होती विद्वान-अधिकाऱ्यांची. ही माणसं जन्माने अधिकारी होत नसत, परीक्षा देऊन होत. आजच्या एमपीएससी-यूपीएससीसारख्या गाळत नेणाऱ्या परीक्षा, पण अभ्यासाला मुख्यतः एकच परंपरा, कन्फ्यूशियसची. कन्फ्यूशियस म्हणजे ख्रिस्तापूर्वी पाचशे वर्षांच्या सुमाराचा गुरू. आईवडील, राजा, मित्र यांच्याशी कसं वागावं, राज्य कसं चालवावं, हे त्याचे विषय. देव आणि परलोक यांबद्दल तो फारसा बोलत नाही.

रिचीला ही चूक कळायला दहा-बारा वर्षं लागली. छू रुक्वेई या चिनी मित्राने त्याला सुचवलं की हा वेश सोड. १५९५ मध्ये रिचीने केस-दाढी वाढवली आणि निळ्या किनारीचा जांभळट रेशमी झगा, उंच टोपी असा विद्वानाचा वेश घेतला. आता अधिकाऱ्यांपुढे गुडघे टेकायची गरज उरली नाही. तो पाहुणा म्हणून समोरासमोर बसू लागला. त्याच वर्षी त्याने मैत्रीवर एक छोटं चिनी पुस्तक लिहिलं, युरोपातल्या जुन्या वचनांचं. ते लोकांना इतकं आवडलं की हातोहात नकला झाल्या. लोक त्याला ली मादोउ म्हणत. ‘ली’ रिचीतल्या ‘रि’वरून, ‘मादोउ’ मात्तेओवरून.

## घड्याळ आणि करणीची बाहुली

बीजिंगला, सम्राटाच्या शहरात, राहायला मिळालं तरच देशभरात कुणी हुसकावणार नाही, हे रिचीने ओळखलं होतं. १६०० मध्ये तो भेटवस्तू घेऊन निघाला. वाटेत मा तांग नावाच्या एका खोजा, म्हणजे राजसेवेसाठी खच्ची केलेल्या, अधिकाऱ्याने सामान तपासलं. त्यात एक क्रूस सापडला, रक्ताळलेली ख्रिस्ताची मूर्ती खिळ्यांनी ठोकलेला.

क्रूस कधीच न पाहिलेल्या माणसाच्या जागी क्षणभर उभे राहा. लाकडाचा माणूस, हातापायांत खिळे, अंगावर लाल रंग, आणि हे सगळं निघालंय राजाच्या महालाकडे. आपल्याकडे टाचण्या टोचलेली बाहुली कुणाच्या पिशवीत सापडली तर घरात काय होईल? मा तांगला तेच वाटलं, की सम्राटावर करणी करायला आणलेली ही वस्तू आहे. आपल्या सर्वांत पवित्र खुणेचा हा अर्थ लागलेला पाहून रिची गडबडला आणि समजावताना त्याची तारांबळ उडाली. हा प्रसंग लक्षात ठेवा. पुढच्या वादात हेच उलट्या बाजूने घडतं.

जानेवारी १६०१ मध्ये तो बीजिंगला पोचला. सम्राट वानली वर्षानुवर्षं कुणाला दर्शन देत नसे. रिची आणि त्याच्या सोबत्यानेही रिकाम्या सिंहासनापुढेच नमस्कार घातले. त्यांचं काम केलं दोन घड्याळांनी. एक मोठं, वजनांवर चालणारं. एक छोटं, स्प्रिंगचं. चिनी लोक त्यांना ‘आपोआप वाजणाऱ्या घंटा’ म्हणत. घंटा वाजेना तेव्हा सम्राटाने विचारलं की परदेशी लोक कुठे आहेत. रिचीने चार खोजांना घड्याळ चालवायला शिकवलं. ते प्रत्येक भाग कागदावर टिपून घेत, कारण चूक झाली तर गाठ सम्राटाशी. मोठ्या घड्याळाची वजनं खाली उतरायला उंची हवी, म्हणून राजवाड्यात त्याच्यासाठी मनोरा बांधला गेला. आणि घड्याळ म्हटलं की दुरुस्ती आलीच. दुरुस्ती करणारे शहरातच असलेले बरे, म्हणून रिचीला राहू दिलं गेलं.

## जगाचा नकाशा मधोमध कुठून कापायचा?

रिचीने चिनी अक्षरांत जगाचा नकाशाही केला. पहिला १५८४ मध्ये. सर्वांत प्रसिद्ध आवृत्ती १६०२ ची, ली चिझाओ या विद्वान मित्राच्या मदतीने छापलेली. सहा उभे पट्टे, जोडले की भिंत भरते.

युरोपातल्या नकाशांत चीन उजव्या टोकाला असे. रिचीने तो मध्याजवळ आणला. याला लबाडी म्हणणारे आजही भेटतात, म्हणून जरा थांबू. संत्र्याची साल सोलून ताटात पसरायची तर कुठेतरी पहिला काप द्यावाच लागतो. काप कुठे द्यायचा हे संत्रं सांगत नाही, सोलणारा ठरवतो. गोल पृथ्वीचंही तसंच. युरोपी लोक तो काप पॅसिफिक महासागरात देत, म्हणून त्यांचा खंड मधे येई. रिचीने तो अटलांटिकात दिला. अंतरं तीच, किनारे तेच. फक्त पाहणाऱ्याला आपलं घर समोर दिसलं, आणि त्यासोबत आपल्याला ठाऊक नसलेलं केवढं जग आहे हेही दिसलं.

## आता मूळ भांडणाकडे

चीनमध्ये प्रत्येक घरात पूर्वजांच्या पाट्या असत. लहानशी उभी लाकडी पाटी, तीवर मृताचं नाव. पुष्कळदा ‘अमक्याच्या आत्म्याचं आसन’ अशा अर्थाची अक्षरं. आपल्या देवघरातल्या पूर्वजांच्या टाकांशी बरंच जुळतं. सणावाराला तिच्यापुढे धूप, जेवणाचं ताट, साष्टांग नमस्कार. दुसरीकडे गावोगावी कन्फ्यूशियसची मंदिरं. परीक्षा पास झालेले तिथे जाऊन वंदन करत, वसंतात आणि शरदात मोठा समारंभ होई.

मग एखादा चिनी माणूस ख्रिस्ती झाला तर त्याने हे करावं का? ख्रिस्ती धर्मात एका देवाशिवाय कुणाची पूजा नाही. पूजा असेल तर सोडावी लागेल. नुसता आदर असेल तर चालू राहील.

सोडायचं म्हणजे काय सोडायचं, हे एका माणसाच्या आयुष्यातून पाहू. शू ग्वांगची हा शांघायचा विद्वान १६०३ मध्ये ख्रिस्ती झाला, बाप्तिस्म्याचं नाव पॉल. मोठा अधिकारी आणि रिचीचा जिवाभावाचा मित्र. दोघांनी मिळून युक्लिडच्या भूमितीचे पहिले सहा खंड चिनीत आणले, ते १६०७ मध्ये छापले. भूमितीसाठी त्यांनी घेतलेला ‘जीहे’ हा शब्द आजही चीनमधली शाळकरी मुलं वापरतात. शूला पुढचे खंडही करायचे होते. पण त्याच वर्षी त्याचे वडील वारले. वडील गेले की अधिकाऱ्याने पद सोडून गावी जायचं आणि जवळजवळ तीन वर्षं सुतक पाळायचं हा नियम होता. शू शांघायला गेला. तो परतला तेव्हा रिची हयात नव्हता. उरलेले खंड चिनीत यायला १८५७ साल उजाडलं.

या शूला सांगा की वडिलांच्या पाटीपुढे वाकू नकोस. त्याच्या नोकरीवर गदा येईल, पण तेवढ्याने भागत नाही. तो कृतघ्न ठरेल, वडिलांना विसरलेला मुलगा ठरेल. जो धर्म बापाला नमस्कार करू देत नाही, तो गावात कुणाला हवा असेल?

रिचीने वर्षानुवर्षं ग्रंथ वाचले, माणसांना विचारलं आणि निष्कर्ष काढला की यात मूर्तिपूजा नाही. ताट वाढणाऱ्यांना ठाऊक असतं की मेलेला माणूस जेवायला येणार नाही. कृतज्ञता दाखवायची दुसरी रीत त्यांच्याकडे नाही. त्याने असंही नोंदवलं आहे की काहींच्या मते हे विधी मेलेल्यांपेक्षा जिवंतांसाठी जास्त आहेत. मेलेल्या आजोबांचा एवढा मान पाहिला की मुलं जिवंत बापाशी नीट वागतात. माझ्या आईच्या पहिल्या वाक्याशी हे तंतोतंत जुळतं.

## ‘पण हे सगळं धर्मांतरासाठीच होतं ना?’

हो. त्याने ते कधी लपवलं नाही. गणित, नकाशे, घड्याळं यांनी ओळख व्हावी आणि ओळखीतून देवाची गोष्ट निघावी, हाच त्याचा मार्ग होता. त्याला निव्वळ विज्ञानप्रेमी पाहुणा ठरवणं खोटं होईल.

आणि त्याचा समजूतदारपणा सगळ्यांना सारखा मिळाला नाही. कन्फ्यूशियसबद्दल तो जेवढा मवाळ, बौद्धांबद्दल तेवढाच कठोर. पुनर्जन्माची कल्पना मूळची ग्रीक पायथागोरसची आणि बुद्धाने ती तिथून उचलली, असं त्याने १६०३ च्या आपल्या मुख्य चिनी ग्रंथात लिहिलं. गोव्यात आणि कोचीत मिळून जवळजवळ चार वर्षं राहिलेल्या माणसाने हे लिहावं याचं मला वाईट वाटतं. त्याच ग्रंथात ख्रिस्ताच्या क्रुसावरच्या मृत्यूबद्दल जेमतेम काही आहे. करणीच्या बाहुलीचा प्रसंग आठवला की त्याचं कारण कळतं. पण विरोधकांनी पुढे यावरच बोट ठेवलं.

तरी एक गोष्ट उरते. त्याच्यामागे सैन्य नव्हतं. चीनच्या सम्राटाला पोर्तुगीज तोफांचं भय नव्हतं. गोव्यात मात्र सत्ता पोर्तुगीजांची होती. तिथे १५६० पासून धर्मन्यायालय होतं, आणि १७३६ च्या त्याच्या फर्मानाने ख्रिस्ती झालेल्यांना दारात तुळस लावणं, धोतर नेसणं, चोळी घालणं यांसारख्या गोष्टींची मनाई केली. एकाच चर्चची माणसं एका ठिकाणी तुळस उपटायला लावत होती आणि दुसऱ्या ठिकाणी, निदान रिचीच्या काळात, पूर्वजांपुढचा धूप चालवून घेत होती. जिथे जबरदस्ती करता येत नव्हती तिथे समजून घेणं आलं, असं कुणी म्हटलं तर मी ते पूर्णपणे खोडून काढू शकणार नाही. एवढंच म्हणेन की गोव्यातलं ते पत्र लिहिताना रिची सत्तेच्याच बाजूच्या घरात राहत होता.

## ‘रोमला एवढी साधी गोष्ट कळली नाही?’

११ मे १६१० ला रिची बीजिंगमध्ये वारला. तेव्हा चीनमध्ये सुमारे २,५०० ख्रिस्ती होते. त्याच्या जागी आलेल्या निकोलो लोंगोबार्दोलाच त्याची मतं पटत नव्हती. मग १६३० च्या दशकात फिलिपाइन्सकडून डोमिनिकन आणि फ्रान्सिस्कन हे दुसरे धर्मसंघ आले. त्यांनी फूजिएन प्रांतातल्या गावांत काम सुरू केलं, जे पाहिलं त्याने हादरले आणि रोमकडे तक्रार केली.

इथे त्यांना मूर्ख ठरवून चालणार नाही. रिचीने प्रश्न विचारले होते परीक्षा पास झालेल्या विद्वानांना. ते म्हणाले, ‘हा नुसता आदर.’ गावातली माणसं पाटीपुढे बसून पीक चांगलं येऊ दे, मुलगा होऊ दे, असं मागत होती. एकाच घरात कॉलेजात शिकवणाऱ्या काकाला श्राद्धाबद्दल विचारा आणि मग आजीला विचारा. दोघं खरंच बोलतील आणि उत्तरं वेगळी येतील. रिचीने काकाला विचारलं, डोमिनिकनांनी आजीला.

रोमचं हेलकावणं तारखांतच दिसतं. १६४५ मध्ये डोमिनिकनांचं ऐकून विधींना मनाई. जेझुइटांनी आपला माणूस धाडून बाजू मांडली, तर १६५६ मध्ये परवानगी. १६६९ मध्ये सांगितलं की दोन्ही आदेश आपापल्या परिस्थितीत लागू. न्यायालयाने वेगवेगळ्या अर्जदारांनी सांगितलेल्या हकिगतीवर वेगवेगळे निकाल द्यावेत तसं हे झालं. देवाला चिनीत काय म्हणायचं यावरही वाद होता. ‘स्वर्ग’ किंवा ‘वरचा राजा’ हे जुने चिनी शब्द चालतील, की ‘स्वर्गाचा स्वामी’ हा नवाच शब्द हवा? मराठी ख्रिस्ती माणूस सहज ‘परमेश्वर’ म्हणतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. तो शब्दही आधी दुसऱ्यांच्या देवघरातला होता.

## सम्राट वादात उतरतो

कांगशी हा चीनचा मोठा, अभ्यासू सम्राट. जेझुइटांकडून तो गणित आणि खगोलशास्त्र शिकला होता. १६९२ मध्ये त्याने ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली. शतक संपताना ख्रिस्त्यांची संख्या दोन लाखांच्या आसपास गेली होती.

१७०० मध्ये जेझुइटांनी त्यालाच विचारलं, की या विधींचा अर्थ काय? त्याने उत्तर दिलं, हा आदर आहे आणि सामाजिक रीत आहे. चिनी विधीचा अर्थ चीनच्या सम्राटाने सांगितला, आता प्रश्न मिटला असं त्यांना वाटलं. रोममध्ये नेमकी उलट प्रतिक्रिया उमटली, की धर्माचा निर्णय परधर्मी राजा कसा देणार? १७०४ मध्ये पोप क्लेमेंट अकरावे यांनी विधींना मनाई केली. त्यांचा दूत तुर्नों त्याआधीच चीनकडे निघाला होता. येताना त्याने पाँडिचेरीत थांबून तमिळ प्रदेशातल्या ख्रिस्त्यांच्या अशाच रीतींवर बंदी घातली. तिथे रोबेर्तो दे नोबिली या जेझुइटाने संन्याशाचा वेश घेऊन रिचीच्याच वाटेने काम केलं होतं.

१७०६ मध्ये दरबारात जे घडलं त्याचं चित्र डोळ्यांपुढून हलत नाही. विधींविरुद्ध सर्वांत आग्रही होता फूजिएनमधला बिशप मेग्रो. कांगशीने त्याला समोर उभं केलं आणि सिंहासनावर लिहिलेली चार अक्षरं वाचायला सांगितली. त्याला ती सगळी काही वाचता आली नाहीत, जेमतेम एखादं आलं. चिनी विधी चूक की बरोबर हे ठरवणाऱ्याला चार चिनी अक्षरं येऊ नयेत, याचा सम्राटाला संताप आला. त्याने हुकूम काढला की ‘ली मादोउचा नियम’ पाळण्याचं लिहून देईल त्याच मिशनऱ्याला दाखला मिळेल आणि तोच चीनमध्ये राहील. रिचीला जाऊन ९६ वर्षं झाली होती आणि एक चिनी सम्राट त्याचं नाव घेऊन इतर ख्रिस्ती धर्मगुरूंना तोलत होता.

१७१५ मध्ये पोपने बंदी आणखी कडक केली. १७२१ मध्ये तो आदेश वाचून कांगशीने शेरा मारला. त्याचा आशय असा, की चिनी ग्रंथ न जाणणारे हे लोक चीनच्या तत्त्वांवर काय बोलणार? यापुढे प्रचार नको, म्हणजे कटकट नको. १७२४ मध्ये त्याच्या मुलाने, योंगझेंग सम्राटाने, देशभर बंदी घातली. १७४२ मध्ये पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी विषय कायमचा बंद केला. चीनला जाणाऱ्या प्रत्येक मिशनऱ्याला शपथ घ्यावी लागे की मी हे विधी चालवून घेणार नाही.

बिशप कोण नेमणार या आजच्या बातमीखाली हेच आहे. चीनच्या मातीतल्या माणसाने काय करावं हे चीनबाहेरच्या सत्तेने सांगायचं का, ही खुपणारी गोष्ट तिथे कम्युनिस्ट सरकारच्या कितीतरी आधीची आहे.

## मग पुढे काय झालं?

ही शपथ दोनशे वर्षं टिकली. ८ डिसेंबर १९३९ ला रोमने ती रद्द केली. आता या रीती सामाजिक आहेत, ख्रिस्ती माणसाने पूर्वजांच्या पाटीपुढे किंवा कन्फ्यूशियसच्या प्रतिमेपुढे वाकायला हरकत नाही, असं सांगण्यात आलं. काळ बदलल्याने अर्थ बदलला, असं त्यामागचं कारण. रिचीने १६०३ मध्ये आपल्या लोकांना घालून दिलेला नियम जवळजवळ हाच होता.

आज वसई, उत्तन किंवा मुंबईच्या गावठाणांत ख्रिस्ती लग्नाआधी बायका वाजतगाजत उंबराचं पाणी आणायला जातात. गोव्यात नवऱ्या मुलाला, मुलीला नारळाचा रस चोळून न्हाऊ घालतात, त्याला रोस म्हणतात. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये मिस्सा होतो. आपली हळद आणि त्यांचा रोस शेजारी ठेवले तर दोन घरांतलं अंतर फार वाटत नाही. चीनमध्ये शूच्या वंशजांना दोनशे वर्षं ही मुभा मिळाली नाही.

रिचीची कबर बीजिंगमध्ये आहे. एरवी परदेशी मिशनऱ्याचं शव मकावला न्यावं लागे. पण मित्रांनी दरबारात अर्ज केला आणि सम्राटाने दफनाला जागा दिली. परदेशी लोकांविरुद्धच्या १९०० च्या बॉक्सर बंडात ती कबर उद्ध्वस्त झाली, माओच्या काळातल्या सांस्कृतिक क्रांतीत पुन्हा, आणि पुढे पुन्हा उभारली गेली. आज ती कम्युनिस्ट पक्षाच्या अधिकाऱ्यांना शिकवणाऱ्या संस्थेच्या आवारात आहे. उंच शिळेवर चिनीत आणि लॅटिनमध्ये नाव कोरलेलं आहे.

आणि शांघायमध्ये कितीतरी पिढ्या घड्याळजी लोक त्याला आपल्या धंद्याचा मूळपुरुष मानत. ‘ली मादोउ बोधिसत्त्व’ हे त्यांनी त्याला दिलेलं नाव. त्याच्या प्रतिमेपुढे ते धूप लावत.